बोल्ट दुसऱ्याचा

उद्यमनगरात सकाळी नऊला सगळे लेथ एकदम रडायला लागतात,
म्हणून मी बंदूक कानानं बघत नाही.
बोटानं बघतो.

पाटगावहून केरबा देसाई आला, अकराच्या एसटीनं.
रायफल गोणपाटात, लायसन प्लॅस्टिकच्या पिशवीत,
आणि वेगळ्या पिशवीत काजू, बाबालालचाचांसाठी.
चाचा जाऊन चार वर्षं झाली, म्हटलं.
मग तुमीच खावा, म्हणाला.

"बोल्ट बसंना झालाय. इलेक्शनच्या आदी लोण्यागत बसायचा.
डुकरं निम्मा ऊस लोळवून गेली
अन् मी आपला दांडीसंगं झोंबतोय.
जरा घासून द्या की."

जरा घासून द्या!
दारावर पाटी लावीन एक दिवस:
घासलेलं लोखंड परत उगवत नाही.

खिडकीकडं धरून नळीतून आरपार बघितलं.
रिकामी. पलीकडं चहाच्या गाड्याची निळी ताडपत्री.
रिकाम्या चेंबरवर बोल्ट मिटला,
फक्त शेवटच्या वळणाला काहीतरी खटकलं,
अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी तसं.
मग डमी घातली.
दांडी अर्ध्यावर थांबली, आणि हट्टानं थांबली.

चेंबरात घाण? कापूस फिरवला, पांढरा गेला पांढरा आला.
माणूस वस्तू नीट ठेवणारा.
कुणी नळी उघडून परत बसवली?
नळीवरची रेघ आणि बॉडीवरची रेघ
अजून एकमेकींसमोर, वरमाला घालायला उभ्या असाव्यात तशा.
नळी कुणी हलवलेली नाही.

मग निळा.
चाचांचीच डबी, झाकण चिकटलेलं.
तांदळाच्या दाण्याएवढा घेतला,
बोल्टच्या दोन्ही खांद्यांना फासला, हलकेच मिटून उघडला.
एका खांद्यावरचा निळा पुसून लोखंड लख्ख.
दुसऱ्यावर जसाच्या तसा, ओला.
जू दोघांच्या मानेवर आणि ओढतोय एकटाच.

तेव्हा कुठं मी चष्मा काढून दुसरा चष्मा घातला.
बॉडीवर सातशे चौदा.
दांडीच्या मुळाशी, तेलकट मळाखाली, सातशे एक्केचाळीस.

"केरबा, ठाण्यात बंदूक जमा केलीस
तेव्हा शेजारी कुणाची होती?"

त्यानं काजूच्या पिशवीची गाठ सोडली, परत मारली.
"रंगरावची.
दोगांच्या बानी एकाच दिवशी घेतल्याल्या, जोडीनं."
रंगराव कोण, ते मी विचारलं नाही.
गारगोटीच्या कोर्टात बांधाची तारीख असली
की तो माझ्याकडं येतोच, तेल न्यायला.

"तुझं काही बिघडलेलं नाही," म्हटलं,
"तुझा बोल्ट त्याच्याकडं आहे आणि त्याचा तुझ्याकडं.
ठाण्यातल्या पोरानं परत देताना चौदा-एक्केचाळीस उलटं वाचलं असेल.
तुझी दांडी बसत नाही, हे तुझं नशीब.
त्याची बसत असेल. फार छान बसत असेल.
इथं जेवढं जास्त झालंय, तिथं तेवढं कमी असणार.
काडतुसाला मागं टेकायला भिंत नाही, पोकळी आहे.
पितळ त्या पोकळीत ताणतं, ताणतं,
आणि एका बाराला फाटतं.
आग मग पुढं जात नाही केरबा,
गाल जिथं टेकलेला असतो तिकडं येते."

लेथ चालूच होते.
केरबानं मोबाईल काढला.
नंबर शोधला नाही. बोटांनी एकेक आकडा दाबला,
नऊ वर्षं न बोललेला दहा आकडी नंबर, न अडखळता.

"रंग्या, मी बोलतोय. केरबा.
आज रातच्याला गोळी घालू नगंस."

पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग, मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आलं:

"कुणाला?"

मी चिंधी रॉकेलात बुडवली, खांद्यांवरचा निळा पुसला.
वहीत लिहिलं: सातशे चौदा. काम काही नाही.
मजुरी, काजू.